सन ११६४ : एका चुकलेल्या सालाचे प्रकरण

हे प्रकरण माझ्याच चुकीचे आहे. बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या महाविद्यालयात मी तीन दशके इतिहास शिकवला. सत्काराच्या पत्रिकांवर माझ्या नावामागे ‘इतिहासतज्ज्ञ’ असे छापले जाते आणि मीही त्याला कधी हरकत घेतलेली नाही. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी एका मोडी कागदाचे साल निश्चित करून त्यावर लेख लिहिला. ते साल नऊ वर्षांनी चुकले होते. चूक सापडली ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंना. मोडी त्या नोकरी सांभाळून, सुट्टीतल्या वर्गांत शिकल्या होत्या आणि त्या वेळी पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षात होत्या. या लेखात आपले व गावाचे नाव नको, असे त्यांनी सांगितल्यामुळे दोन्ही नावे गाळली आहेत; बाकी काही गाळलेले नाही.

कागद

राक्षसभुवन गेवराई तालुक्यात गोदावरीच्या दक्षिण काठावर आहे. तेथून नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या एका गावातील पाटील घराण्याकडे जुन्या दप्तराचे चार रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. माळवदाच्या घरात, लोखंडी संदुकीत, कडुनिंबाचा पाला घालून ते जपलेले आहेत. वाचता कोणालाच येत नसले तरी दर दसऱ्याला संदुकीची पूजा होते. तेथे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी, ज्यांना सगळे गाव तात्या म्हणते, एकच अट घातली होती : कागद घराबाहेर जाणार नाही. त्या अटीचा तेव्हा मला राग आला होता. पुढे हे सारे प्रकरण तपासता आले, ते त्या अटीमुळेच.

त्यांतील एक कागद इस्ताव्याचा कौल, म्हणजे सरकारी अभयपत्र, आहे. ओसाड पडलेले गाव पुन्हा लावणीस यावे म्हणून सरकारातून पाटलाला व कुळांना अभय दिले जाई, पहिल्या वर्षी नाममात्र धारा घेतला जाई आणि पुढे वर्षागणिक तो चढवत नेऊन काही वर्षांत पूर्ण आकारावर आणला जाई. या चढत्या आकारणीला इस्तावा म्हणत. आपला कागदही तेच सांगतो : गाव वैरान झाले आहे, कुळे परागंदा आहेत, त्यांनी परत येऊन पांढरी (गावठाण) वसवावी आणि काळी (शेतजमीन) वाहावी. गाव वैरान होण्याचे कारणही दिलेले होते, पण नेमका तोच शब्द कसरीने खाल्ला आहे. त्याचे पहिले अक्षर तेवढे अर्धवट उरले आहे.

काळाच्या तीन खुणा कागदावर आहेत. वरच्या बाजूला ‘सन ११६४’ असा आकडा आहे, पण हे कोणते सन ते लिहिलेले नाही. शेवटी ‘छ ११ मोहरम’ अशी तारीख आहे. तारखेआधीचा हा ‘छ’ मोडी कागदांत नेहमी दिसतो आणि तो चांद्र तारीख दाखवतो. आणि समासात ‘कार्तिक शुद्ध’ एवढे दिसते; त्यापुढची तिथी फाटून गेली आहे.

माझे वाचन

मी ११६४ हे शुहूर सन, म्हणजे पेशवाईच्या कागदांत नेहमी येणारे सन, धरले, त्यात ५९९ मिळवले, १७६३ आले. जून १७६३ ते जून १७६४ हे वर्ष आणि त्यातला कार्तिक म्हणजे नोव्हेंबर १७६३. १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनला पेशव्यांची व निजाम अलीची लढाई झाली. निजाम अली सैन्याचा एक भाग घेऊन गोदावरीपलीकडे गेला होता आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर बाकीच्या फौजेसह अलीकडे राहिला होता, तेव्हा राघोबादादा आणि तरुण माधवराव यांच्या फौजांनी ती फौज मोडली. विठ्ठल सुंदर मारला गेला. लढाईनंतर तीनच महिन्यांनी, हाकेच्या अंतरावरच्या गावाला ‘वैरान झाले, परत या’ असा कौल मिळतो, हे मला इतके चपखल वाटले की खाल्लेल्या शब्दाच्या जागी मी ‘धामधूम’ (जुन्या कागदांत याचा अर्थ लढाईची गडबड) हा शब्द घातला आणि तो कंसात टाकायचेही भान ठेवले नाही. वाचकाला तो शब्द कागदावर स्वच्छ लिहिलेला आहे असेच वाटले असणार.

लेख एका त्रैमासिकात आला. लेखात मी मूळ मजकूर छापला नाही, छायाचित्र दिले नाही, तारखेच्या तिन्ही खुणाही जशाच्या तशा दिल्या नाहीत. ‘कार्तिक, इ.स. १७६३’ एवढेच लिहिले. मोहरमचा उल्लेख गाळला. त्याचे कारण विचाराल तर आज मी सांगेन की सर्वसामान्य वाचकाला क्लिष्ट वाटू नये म्हणून. पण हे कारण मला स्वतःलाच पुरेसे का वाटत नाही, ते पुढे येईल.

त्या लेखाचे काय काय झाले, ते थोडक्यात सांगतो. पदोन्नतीच्या वेळी तो मोजला गेला. गावाच्या स्मरणिकेत तो पुन्हा छापला गेला. वेशीवर कमान उभी राहिली, तिच्यावर ‘पुनर्वसन इ.स. १७६३’ अशी अक्षरे आली आणि दर १० ऑगस्टला शाळेतील मुलांची प्रभातफेरी निघू लागली. दोन प्रबंधांत माझा निष्कर्ष उतरला. त्यांतल्या एका प्रबंधाच्या तळटीपेत ‘मूळ कागद, खाजगी दप्तर’ असा हवाला आहे, मात्र माझ्यानंतर पाटलांच्या वाड्यावर संदूक उघडायला कोणीही आलेले नव्हते, हे तात्यांनी मला नंतर सांगितले.

दोन सनांमधले अंतर

चूक समजायची तर शुहूर आणि फसली या दोन सनांची घडण थोडी पाहावी लागते. मराठवाड्यात जुने कागद हाताळणाऱ्याला ती तोंडपाठ असायला हवी, आणि मला ती नव्हती असे नाही.

दोन्ही सनांचे मूळ हिजरीत आहे. हिजरी वर्ष चांद्र, म्हणजे ३५४-३५५ दिवसांचे. पण पीक पाण्यावर आणि ऋतूवर येते, त्यामुळे सारावसुलीला सौर वर्ष लागते. म्हणून राज्यकर्त्यांनी चालू हिजरी आकडा घेतला आणि तेथून पुढे तो मृगापासून मृगापर्यंत सौर मानाने मोजायला सुरुवात केली. शुहूर सन असा चालू झाला तो १३४४ च्या सुमारास, हिजरी ७४५ मध्ये. दक्षिणेतला फसली शाहजहानच्या काळात, १६३६ च्या सुमारास, हिजरी १०४६ मध्ये चालू झाला. या दोन आरंभांमध्ये २९२ वर्षांचे अंतर आहे. तेवढ्या काळात दरसालच्या अकरा दिवसांनी हिजरी आकडा सौर आकड्याच्या नऊ वर्षे पुढे निघून गेला होता. म्हणून एकाच पावसाळ्याला फसलीचा आकडा शुहूरपेक्षा नऊने मोठा असतो : शुहूरमध्ये ५९९ मिळवायचे, फसलीमध्ये ५९०. आपला ११६४ फसली असेल, तर कागद १७५४ चा ठरतो. राक्षसभुवनची लढाई तेव्हा नऊ वर्षे पुढे होती. माधवराव नऊ वर्षांचा होता.

कागदावर ‘फसली’ लिहिलेले नसताना ओळखायचे कसे? काही ढोबळ खुणा आहेत. मराठी दप्तरात शुहूर सन बहुधा अरबी शब्दांत लिहितात. ११६४ असेल तर ‘अर्बा सितैन मया व अलफ’, म्हणजे चार, साठ, शंभर आणि हजार. फसली बहुधा आकड्यांत येतो. शिवाय गाव मोगलाईतले, म्हणजे निजामाच्या अमलातले, असेल तर फसलीची शक्यता आधी तपासायची. आमच्या भागात चौथाईच्या निमित्ताने मराठ्यांचे कमाविसदारही (वसुली अधिकारी) वावरत, दुअंमली, म्हणजे दोघांचा अंमल, होती, म्हणून ही खूण निर्णायक नाही. पण ती विचारात घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी गेलो. माझे सारे शिक्षण पुण्याच्या पेशवे दप्तराच्या कागदांवर झालेले. गोदाकाठी जन्मलो, मोगलाईच्या आठवणी आजीच्या तोंडून ऐकल्या आणि तरी आपल्याच गावचा कागद मी पुण्याच्या चष्म्यातून वाचला. मराठवाड्यातील माझ्या पिढीच्या अनेक शिक्षकांचे हे झाले आहे. तेवढ्याने माझा दोष हलका होत नाही.

पत्र

२९ जून २०२३ रोजी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, तेव्हा आमच्याकडे गावोगाव त्याची चर्चा झाली. बाईंच्या शाळेतील एका मुलाने विचारले, ‘बाई, दरसाल असंच येतं का?’ उत्तर देण्यासाठी त्यांनी दिनदर्शिका काढल्या आणि त्यांना दिसले की हिजरी महिना आणि आपला महिना एखाद्या वर्षी गळ्यात गळा घालून चालतात, आणि अधिक मास आला की एक घर सरकतात. (त्याच वर्षी अधिक श्रावण आला, पुढच्या वर्षी, १७ जुलै २०२४ ला, आषाढीच्या जोडीला बकरी ईद नव्हती, मोहरमची दहावी होती.) म्हणजे एखाद्या कागदावर हिजरी महिना आणि मराठी महिना असे दोन्ही असतील, तर सालाचा आकडा नसला तरी वर्ष बरेच नेमके पकडता येते. माझा लेख त्यांनी प्रबंधासाठी वाचला होता आणि पाटलांच्या घरी जाऊन कागदाची छायाचित्रेही घेतली होती. मोहरम आणि कार्तिक त्यांना एकाच कागदावर दिसले.

त्यांनी मला फुलस्केपची चार पाने लिहिली. पत्र ‘आदरणीय सर’ असे सुरू होते आणि ‘माझे काही चुकत असल्यास कृपया कळवावे’ असे संपते. मधल्या भागात मात्र कोठेही मायना नाही, फक्त युक्तिवाद आहे. १७६३ मध्ये मोहरम महिना जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाला. तो आषाढाशी जुळतो, आणि त्या वर्षी कार्तिकाच्या जोडीला जमादिलावल होता. तेव्हा १७६३ मध्ये मोहरम आणि कार्तिक एकत्र येऊ शकत नाहीत. १७५४ मध्ये मोहरम १८ ऑक्टोबरच्या सुमारास लागला, दिवाळीची अमावास्या नुकतीच झाली होती, आणि तो महिनाभर कार्तिकाबरोबर चालला. ११ मोहरम म्हणजे २८ ऑक्टोबरच्या आसपास, कार्तिक शुद्ध पक्ष. त्या साली कार्तिकी एकादशी आणि ताबुतांचा दिवस एकमेकांना अगदी खेटून आले असणार, असे त्यांनी समासात लिहिले होते.

पत्रातल्या ज्या एका परिच्छेदावर मी सर्वात जास्त वेळ थांबलो, तो या गणिताचा नव्हता. निजामाच्या राज्यात पुढील काळात फसली साल मृगाऐवजी ऑक्टोबरपासून, आजूर महिन्यापासून, धरले जाऊ लागले. तेव्हा कोणी म्हणेल की वर्षारंभ बदलला तर साल एकाने हलेल. बाईंनी दोन्ही पद्धतींनी मोजून दाखवले की २८ ऑक्टोबर दोन्हींत ११६४ मध्येच पडतो. ही शंका अजून कोणीच काढलेली नव्हती. मला तर ती सुचलीही नसती. आपल्या निष्कर्षाविरुद्ध जे बोलता येईल ते आपणच आधी शोधून काढायचे, ही सवय पदवीबरोबर मिळत नाही. माझ्या लेखात तशी एक ओळही नव्हती.

तीन दिवस

मी तीन दिवस उत्तर दिले नाही. त्या तीन दिवसांत मी पळवाट शोधत होतो, हे लिहायला हवे. प्रकरण अभ्यासात तेवढाच भाग गाळला तर बाकीचा लिहून उपयोग नाही.

पळवाट सापडलीही. समासातला ‘कार्तिक शुद्ध’ हा शेरा दप्तरात नोंद झाल्याचा असेल, आणि कौल त्याआधी मोहरममध्ये दिला असेल, तर? म्हणजे १७६३ च्या जुलैत कौल, नोव्हेंबरात नोंद. दोन्ही महिने एकाच शुहूर सनात बसतात आणि माझे साल वाचते. अर्धा दिवस मला फार बरे वाटले. मग लक्षात आले की ११ मोहरम म्हणजे २२ जुलैच्या आसपासचा दिवस, लढाईच्या अडीच-तीन आठवडे आधीचा. लढाईने उजाडलेल्या गावाला लढाईआधीच कौल कसा मिळेल? सुटकेची वाट शेवटी त्याच विहिरीत उतरत होती. साल वाचले तरी निष्कर्ष वाचत नव्हता. आणि निष्कर्षाशिवाय त्या सालाला मी कवटाळले नसते. शिवाय तात्यांच्या ओसरीवर भिंग लावून पाहिले तेव्हा शेरा आणि मजकूर एकाच हाताचे, एकाच शाईचे दिसले.

चौथ्या दिवशी मी माझी जुनी टिपणे काढली. त्या कागदाचे टिपण एका पिवळ्या पडलेल्या कार्डावर आहे. तिन्ही खुणा त्यात नीट उतरवलेल्या आहेत आणि ‘मोहरम’ शब्दापुढे पेन्सिलीने माझ्याच अक्षरात एक प्रश्नचिन्ह काढलेले आहे.

म्हणजे मला दिसले होते. कधी, किती स्पष्ट, ते आता आठवत नाही. खरेच आठवत नाही की आठवायचे नाही, हेही मी खात्रीने सांगू शकत नाही. जंत्री, म्हणजे निरनिराळ्या कालगणनांच्या तारखा जुळवून देणारे पुस्तक, माझ्या कपाटात होती. उत्तर मिळायला वीस मिनिटे लागली असती. प्रश्न पडूनही ती वीस मिनिटे मी दिली नाहीत, कारण उत्तर काय येईल याचा वास आला होता आणि लेख फार चांगला जमत होता. अज्ञान आणि अनास्था यांतला फरक मी वर्गात कितीदा सांगितला असेन, पण हे दोन्हींत बसत नाही. याला मराठीत नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही. विद्वत्तेची कसोटी किती ठाऊक आहे यावर लावली तर त्या दिवशीचा मी उत्तीर्ण होतो. स्वतःच काढलेल्या प्रश्नचिन्हाचे पुढे काय केले, यावर लावली तर नाही.

दुसरा दोष त्याहून मोठा, असे माझे आजचे मत आहे. वाचन चुकते, मोडी वाचणारा प्रत्येक जण चुकतो. पण मी तारखेच्या खुणा छापल्या असत्या तर पंचवीस वर्षे लागली नसती, जंत्री असलेल्या कोणत्याही वाचकाने एका संध्याकाळी मला पकडले असते. फक्त रूपांतरित साल छापून मी माझ्यापर्यंत यायची वाट बंद केली होती.

याच गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठण आहे. तेथे एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि शेवटी काळ नोंदवला : शके १५०६, तारण नाम संवत्सर. आकडाही दिला आणि संवत्सराचे नावही. शकात १२ मिळवून ६० ने भागले की जी बाकी उरते तो संवत्सराचा क्रमांक. १५१८ ला भागून १८ उरतात आणि प्रभवापासून अठरावे तारणच येते. नकलेत पुढे कोणाकडून आकडा चुकला असता तर नावाने तो पकडून दिला असता. माझ्या कागदावरच्या अनाम कारकुनाने तर तीन खुणा ठेवल्या होत्या. मी त्यांतील दोन मोडून टाकल्या.

गाव

बाईंना उत्तर लिहिले, त्यांचे म्हणणे मान्य केले, आणि मग आम्ही दोघे गावात गेलो. मला वाटत होते की सर्वात अवघड भाग तात्यांना सांगण्याचा असेल. नव्वदीकडे झुकलेले तात्या शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, ‘मास्तर, तुम्हीच लिहून देलं, अन् आता तुम्हीच पुसायलात.’ रागाने नाही, नुसते नोंदवल्यासारखे. मग विचारले, ‘कागद खोटा हाय का?’ कागद खरा आहे, नऊ वर्षांनी अधिकच जुना आहे, असे सांगितल्यावर त्यांचा प्रश्न मिटला. कौल त्यांच्या पूर्वजाला मिळाला होता, तो अजूनही मिळालेलाच होता.

तरुण मंडळींचे तसे नव्हते. त्यांच्यासाठी गाव म्हणजे राक्षसभुवनच्या लढाईतले गाव; मिरवणूक, फलक, समाजमाध्यमांवरची चित्रे सारे त्यावर उभे. एकाने सरळ विचारले की नऊ वर्षांनी काय बिघडते. प्रश्न रास्त आहे. त्याला मी जे उत्तर दिले ते तेव्हा ताजे होते. २०२३ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, मराठवाड्यातील निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू झाले आणि ज्यांना कोणी विचारत नव्हते त्या मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची एकाएकी तहसिलीत वाट पाहिली जाऊ लागली. त्या नोंदी कोणत्या सालच्या, कोणाच्या, कोणत्या शब्दांत, यावर घरोघरचे कागदपत्र ठरणार होते. कागद वाचणाऱ्याने जुळते म्हणून एक साल घालून दिले तर चालेल का, असे मी त्याला उलट विचारले. तो गप्प झाला. पटले की नाही, माहीत नाही. कमानीवर आजही १७६३ आहे. ग्रामपंचायतीने पुढच्या रंगकामात पाहू असे सांगितले आहे, आणि तो निर्णय त्यांचा आहे.

दुरुस्ती कोणाच्या नावे

येथे एक वेगळीच अडचण उभी राहिली. बाईंच्या मार्गदर्शकांनी त्यांना सल्ला दिला होता की हे प्रकरण प्रबंधात घेऊ नये. कारण मी त्या विषयाच्या बहिःस्थ परीक्षकांच्या यादीत होतो. सल्ला वाईट हेतूने दिलेला नव्हता. विद्यार्थ्याची वर्षे वाया गेलेली त्या गृहस्थांनी पाहिली होती. यादीतून नाव काढावे असे पत्र मी विद्यापीठाला पाठवले आणि त्याची प्रत बाईंना दिली. हे पत्र मी बाईंना उत्तर लिहिण्याआधीच पाठवायला हवे होते, हे मला नंतर सुचले.

मग लेख कोणी लिहायचा? संयुक्त लेखाची सूचना माझीच होती आणि ती मला उदार वाटत होती. बाईंनी नम्रपणे नकार दिला. दोघांची नावे आली तर वाचणारे म्हणतील की सरांनी स्वतःच आपली चूक सुधारली आणि सोबत एका विद्यार्थिनीलाही घेतले, असे त्यांनी सांगितले. मला क्षणभर लागले, पण त्या बरोबर बोलत होत्या. आपल्याकडे ज्येष्ठाचे नाव पुढे छापले की मागचे नाव सहायकाचे होऊन जाते. अखेर शोधाचा लेख त्यांनी एकट्यांनी लिहिला आणि त्याच अंकात माझे दीड पानाचे शुद्धिपत्र स्वतंत्र आले. संपादकांनी आधी कळवले होते की शुद्धिपत्राला गुण मिळत नाहीत, तेव्हा ‘पुनर्विचार’ अशा नावाने मोठा लेख करून द्या. मी शुद्धिपत्र हाच शब्द ठेवला. पैठणच्या ब्रह्मवृंदाकडून ज्ञानेश्वरादी भावंडांनी शुद्धिपत्र आणावे, असे आळंदीकरांनी सांगितल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या कथेत शुद्ध कोणी व्हायला हवे होते हा प्रश्न उलटा आहे, ही गोष्ट वेगळी.

बाईंच्या लेखात कागदाचे छायाचित्र आहे, ओळीला ओळ लावून केलेले लिप्यंतर आहे, तारखेच्या तिन्ही खुणा आहेत आणि जेथे अक्षर शंकास्पद आहे तेथे चौकोनी कंस आहेत. कसरीने खाल्लेल्या शब्दावर आमचे अजूनही जमलेले नाही. उरलेले पहिले अक्षर मला आजही ‘ध’ वाटते. बाई ते ‘द’ वाचतात आणि तेथे दुकाळाचा उल्लेख असावा असे सुचवतात, पण त्याला दुसरा आधार नसल्यामुळे त्यांनी तो शब्द मजकुरात घातलेला नाही. छापताना कंस रिकामा ठेवून तळाशी दोन्ही वाचने दिली आहेत.

गेल्या महिन्यात परभणीहून एका विद्यार्थ्याचे पत्र आले. छायाचित्र मोठे करून पाहिल्यावर ते अक्षर ‘ध’ही नाही आणि ‘द’ही नाही, तो आधीच्या शब्दाचा शेवटचा फराटा आहे आणि खाल्लेला शब्द त्याच्या पुढे सुरू होतो, असे त्याचे म्हणणे आहे. बाई येत्या रविवारी पाटलांकडे जाणार आहेत. भिंग माझ्याकडे आहे, म्हणून मीही जातो आहे.